तीन अँपिअरचा फ्यूज

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा फ्यूज होते. सगळे काचेचे, बोटाच्या पेराएवढे. सात जळालेले, काचेला आतून काळा डाग पडलेला. दोहोंवर बाहेरून तांब्याची तार गुंडाळली होती. एकाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी लपेटलेली. अकरावा नवा होता, त्याच्या पितळी टोपीवर बारीक अक्षरांत दोन अँपिअर लिहिलेलं.

मी ते पडवीच्या जमिनीवर ओळीने मांडले.

"जळालेले कशाला ठेवलेत, काकी?"

"मगे काय करू, टाकू? काच चांगली आसा," मथुराकाकी म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. "आणि तुज्या आदी कंपनीचो इल्लो तो झील म्हणालो, फ्यूज जळता म्हणजे फ्यूज चांगलो. मिया म्हटलंय, बाबा, असली चांगली वस्तू आमका नको."

या गोष्टीला आता दहा वर्षं होतील. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. घर मिरजेला, नोकरी कुडाळात, सौरसंच बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. खाडीतल्या या जुव्यावरची तक्रार कोणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. जुवा म्हणजे नदीच्या मुखाशी गाळाचं झालेलं बेट. एके काळी तिथे नऊ घरं होती. मी गेले तेव्हा आठांचे चौथरे होते आणि एक घर होतं. वादळात विजेचे खांब खाडीत पडले, ते एका घरासाठी कोणी पुन्हा उभे केले नाहीत. मोबाइलची रेंजही पाण्याच्या अलीकडे, पावलूच्या अंगणातल्या आंब्याखाली संपत असे.

पावलू खाडीवर माणसांची ने-आण करणारी तर चालवायचा. त्याची होडी हीच जुव्याची वाट. त्यानेच मला सकाळी पलीकडे सोडलं होतं आणि वाटेत सगळी हकिगत सांगितली होती. धक्क्याच्या टोकाला एक खांब, खांबावर एक दिवा. मथुराकाकीने संध्याकाळी तो लावायचा. पावलू आपल्या अंगणातून बघायचा. दिवा लागला म्हणजे मथुरावयनी बरी आहे. पूर्वी तिथे कंदील टांगला जाई. काकीचा मुलगा गुरुनाथ नालासोपाऱ्याला असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी सौरसंच बसवून दिला आणि पावलूला शब्द घालून ठेवला, की दिवा दिसला नाही तर ताबडतोब जायचं आणि आपल्याला फोन करायचा.

"आणि हो फ्यूज अवसेक नायतर पुनवेक जळता," पावलू वल्हं ओढत म्हणाला होता. "मधीच कधी नाय. देवचाराची करणी म्हणतत लोका. मिया देवळात नारळ दिलंय, इगर्जीत मेणबत्ती लावलंय. फ्यूज दोघांकय आयकणा नाय."

"आणि दिवा गेला की तुम्ही जाता?"

"जातंय तर! गेल्या खेपेक चार जण गेलों, राती. म्हातारी निजल्ली."

तो प्रसंग काकीने मला नंतर आपल्या तऱ्हेने सांगितला. "डोळो उघडलंय तर दारात चार बॅटऱ्यो. माज्या तोंडार उजेड मारून हो पावल्या इचारता, वयनी, जिती आसस मां? मिया म्हटलंय, आता मेलंय, घाबरान." ती हसली, मग सुकटीकडे बघत म्हणाली, "माणसाक आपल्या घरात निवांत निजाक तरी मिळूक होया."

त्या रात्रीनंतर गुरुनाथचा निरोप आला होता. आता एकदा जरी दिवा गेला, तरी दसऱ्याला येऊन आईला घेऊन जाणार. घराला कुलूप. त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. पण काकीने तो निरोप सांगताना पडवीच्या खांबावर तळवा टेकवून ठेवला होता.

तर फ्यूज जाता कामा नये, एवढंच माझं काम होतं.

मी संच तपासला. चाळीस वॅटचं पॅनेल, कंट्रोलर, बॅटरी, सगळं ठीक. दिवा दहा वॅटचा. त्याला पाऊण अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह लागतो. दोन अँपिअरचा फ्यूज त्याने जळायचं कारणच नव्हतं. मग कशाने? मी घरापासून धक्क्यापर्यंत तार हाताने चाचपत गेले. ती पायऱ्यांच्या कडेने, चिऱ्यांच्या फटीतून खाली उतरली होती. पाण्याच्या बरीच वर, खालून सातव्या पायरीशी, तिला एक जोड होता. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला. पट्टी सोलली, तर आत तांबं हिरवं पडलेलं.

"इथे पाणी येतं?" मी विचारलं.

"उधाणाक येता," पावलू म्हणाला. "आज पुनव. बारा वाजता बग."

"आणि तार बसवली तेव्हा?"

"तेवा भांग होतो, बारकी भरती. पाणी दोन पायरे चढला तर पुरे. तो झील घाटावरचो, तेका काय ठावक. सुको चिरो बगल्यान, जोड मारल्यान, गेलो."

मी मिरजेची, पाणी महिन्यातून दोनदा एवढं वर येतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण आता मला ते मोजता येणार होतं, आणि त्या वयात मला मोजण्याइतकं दुसरं काही आवडत नसे.

दुपारी आम्ही प्रयोग मांडला. मी पडवीत पेटीपाशी, फ्यूजच्या पुढे मीटर जोडून. पावलू धक्क्यावर, दिव्याचं बटण तिथेच खांबावर होतं. मधे अंगणाच्या कडेला मथुराकाकी, डोक्यावर पदर घेऊन. पावलूने बटण दाबलं. भर उन्हात दिवा लागला की नाही ते दिसलंही नाही, पण मीटरवर पॉइंट आठ आलं.

"पाणी साव्या पायरीर!" पावलू ओरडला.

"साव्या पायरीर," काकीने मला सांगितलं. "माका कानान आयकूक येता हां, पावल्या. बोंबलू नको."

पॉइंट आठ. पॉइंट आठ. मग एकदम एक पूर्णांक तीन.

"जोडाला लागलं का पाणी?"

"लागला काय रे?"

"लागला!"

एक पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक सहा. लाट आली की आकडा चढे, ओसरली की थोडा उतरे, पण प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा वर थांबे. खारं पाणी दोन तारांच्या मधून प्रवाह पळवत होतं. तीन पूर्णांक एकवर तो बराच वेळ थांबला. मला टक् असा अगदी बारीक आवाज ऐकू आला, आणि मीटर शून्यावर आला.

"गेला!" मी ओरडले. मला इतका आनंद झाला, की मी उभीच राहिले.

काकी माझ्याकडे बघत होती. "फ्यूज गेलो म्हणून नाचणारी तू पयलीच," ती म्हणाली. मग धक्क्याकडे वळून, "पावल्या, तुजो देवचार गावलो रे! पायरेत बसलो हा."

पावलूला पलीकडे गिऱ्हाइकं होती. संध्याकाळी न्यायला येतो म्हणून तो गेला. मी जोड कापून टाकला आणि नवी अखंड तार ओढली, पायऱ्यांना न शिवता, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, माथ्यावरून. काकी बाजूला बसून चिंधीने खिळे पुसून देत होती. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. मला सांगायला आवडायचं. कुडाळच्या खोलीवर आल्यापासून मी कोणाशी इतकं बोलले नव्हते.

"तीन फ्यूज?" ती म्हणाली. "एक सांबाळताना जीव गेलो, आणि तू तीन घालतंस?"

"एक पॅनेलच्या वाटेवर, एक कंट्रोलर आणि बॅटरीच्या मधे. ते पाच अँपिअरचे. आणि दिव्याच्या वाटेवर हा." मी गाड्यांच्या दुकानातून आणलेले चपटे, रंगीत फ्यूज तिच्या तळहातावर ठेवले. "फ्यूज दिव्यासाठी नसतो, काकी. तारेसाठी असतो. तार तापून घर पेटायच्या आधी यानं तुटायचं. म्हणून दिव्याला लागतं त्याहून थोडा मोठा घ्यायचा आणि तारेला सोसतं त्याहून बराच लहान."

"मगे मोठो घाल. जाताच नये असो."

"तार गुंडाळून ठेवली होती तसं? मग तो फ्यूज राहिला नाही. काही झालं तरी तो गप्प बसणार."

तिने यावर विचार केला. जांभळा फ्यूज उचलून उन्हाकडे धरला. आतली वळणदार पट्टी दिसत होती.

"असो घाल," ती म्हणाली, "की उगाच जाताच नये. आणि गेलो, तर कायतरी खरा झालेला असूक होया."

माझ्या प्राध्यापकांनी याहून चांगली व्याख्या दिली नव्हती. तो जांभळाच तीन अँपिअरचा होता. तो मी कंट्रोलरच्या दिव्याकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर, पाणी न शिरणाऱ्या खोबणीत बसवला.

"तू खंय ऱ्हवतंस?" तिने विचारलं.

"कुडाळात. खोली आहे भाड्याची."

"कोण आसा?"

"कोणी नाही. एकटीच."

"आणि तुजो दिवो कोण बगता?"

मी स्क्रू घट्ट करत होते. "कोणी नाही," मी म्हटलं.

ती उठली. आत जाऊन पेज घेऊन आली, वर सुकटीची चटणी. मी जेवत असताना तिने अगदी सहज विचारलं, "बाय, हो दिवो आपसूक लागता असो करूक येता?"

"म्हणजे?"

"काळोख झालो की आपलो लागलो. उजाडला की इजलो. बाजारात तसले आसत म्हणे. माजे गुडघे आता पायरे उतराक देणत नाय."

ते तर अगदी सोपं होतं. कंट्रोलरवरच तशी सोय होती. एक बटण दाबून धरायचं, की पॅनेलवरचा उजेड गेला की दिवा लागणार. कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर होतं ते, पण आधीच्या माणसाने वापरलं नव्हतं. मी खांबावरचं बटण काढून तारा थेट जोडल्या आणि कंट्रोलर लावून दिला. पॅनेलवर पोतं टाकून तिला दाखवलं. खाली धक्क्यावर दिवा लागला. पोतं काढलं, विझला. काकीने मला ते तीनदा करायला लावलं.

"म्हणजे आता माका कायच करूक नको," ती म्हणाली.

"काहीच नाही. तुम्ही झोपून राहिलात तरी लागेल."

"बरा झाला," ती म्हणाली. "खूप बरा केलंस."

संध्याकाळी आम्ही दोघी धक्क्याच्या वरच्या पायरीवर बसलो. खाडी पितळेसारखी झाली होती. पावलूची होडी अर्ध्यावर आली असताना आमच्या मागे, कोणीही हात न लावता, दिवा लागला.

पावलू जवळ आला. त्याने होडी बांधली नाही. दोर हातात धरूनच तो दिव्याकडे बघत राहिला, मग काकीकडे.

"वयनी, तू हंय बसलंस. मगे दिवो कोणी लावल्यान?"

"आपसूक लागता," काकी म्हणाली. "ह्या चेडवान केल्यान. शाणा चेडू."

"आपसूक?"

"होय. रोज. पावस असो नायतर काय असो."

पावलू पाण्याकडे बघत उभा राहिला. होडी चिऱ्याला हळूहळू आपटत होती.

"मगे माका कळतला कसा?" त्याने विचारलं.

"काय कळूक होया तुका?"

त्याने मान वर करून पुन्हा दिव्याकडे बघितलं.  आणि मला, जिला दुपारी दशांशापर्यंत सगळं दिसत होतं, आत्ता कळलं की मी काय बसवलंय. तिने विचारताना गुडघ्यांवर हात ठेवला होता. मी गुडघ्यांकडेच बघितलं होतं.

"पावल्या," काकी म्हणाली, "माजा घर आसा. मी हंय लगीन होवन इलंय. घोव हंयच गेलो. माका कोणी बॅटरी मारून उठवन, दवाखान्यात नेवन, थंय परक्या खाटेर... ता माका नको. दिवो जळत ऱ्हवतलो. तू तुजो जेवन नीज."

"आणि मी थंय रोज दिवो बगीत ऱ्हवतलंय," पावलू म्हणाला, "आणि हंय कोणच नाय?"

त्याचा आवाज चढला नव्हता. पण काकीने मान खाली घातली.

"काढ ता, बाय," पावलू मला म्हणाला.

"ऱ्हवांदे," काकी म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी तेवीस वर्षांची होते. संच काकीचा होता, घर तिचं, आयुष्य तिचं. पावलूचा त्यावर हक्क एवढाच, की तो रोज संध्याकाळी अंगणात येऊन उभा राहत असे. मी उठले, वर पडवीत गेले आणि पेटी उघडली. बटण दाबून धरलं. धक्क्यावरचा दिवा विझला. मग दुपारी काढलेलं बटण पिशवीतून काढलं आणि दिव्याची तार जिथे घराबाहेर पडत होती तिथे, स्वयंपाकघराच्या दाराला, काकीच्या हाताच्या उंचीवर ठोकलं. उजेड जेमतेम होता. कोणी मदत केली नाही.

"आता पायऱ्या उतरायला नकोत," मी म्हटलं. "चुलीपासून उठलं की झालं. पण लावायचा तुम्हीच."

काकी दारात आली. बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सांगलंय एक, केलंस दुसरा," ती म्हणाली. "गुडघ्यांचा तेवडा बरोब्बर आयकलंस."

"हो."

तिने बटण दाबलं नाही. तशीच अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि खाली हाक मारली. "पावल्या! आयक. दिवो दिसलो नाय तर राती येव नको."

"म्हणजे काय?"

"म्हणजे राती येव नको. चार माणसा आणि बॅटऱ्यो नको. गुरुनाथाक राती फोन नको. सकाळी ये. उजाडला की, भरती बघून, एकटो ये. तेवडा कबूल करशीत तर मी रोज दिवो लावतलंय."

"आणि राती तुका बरा नसला तर?"

"तर रात सरतली," काकी म्हणाली. "सकाळी ये म्हटलंय मां."

पावलूने दोर हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "भरती लागली. चल, बाय."

"कबूल काय ता सांग."

"कबूल," तो म्हणाला, आणि पाण्यात थुंकला.

आम्ही निघालो. होडी चांदण्यात मध्यावर आली तरी मागे दिवा नव्हता. पावलू मागे न बघता वल्हवत होता, पण दर वल्ह्याला त्याचा वेग कमी होत होता. पलीकडच्या काठाला लागलो, तेव्हा पाण्यावर एक पिवळी रेघ आली आणि थेट आमच्यापर्यंत पोचली.

"लागलो," पावलू म्हणाला, आणि होडी बांधायला वाकला.

त्यानंतर चार वर्षं फ्यूज एकदाही गेला नाही. मी वर्षातून एकदोनदा जुव्यावर जाई, बॅटरीत पाणी घाली, पेज खाई. काकी प्रत्येक वेळी विचारायची, आता तुझा दिवा कोण बघतं? मी प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायची. अमावास्या, पौर्णिमा, सगळी उधाणं आली आणि गेली. गुरुनाथने तीन दसऱ्यांना बोलावलं, काकी गेली नाही. चौथ्याला त्याने विचारलंच नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी, उजाडता उजाडता पावलूचा फोन आला.

"सोलारबाय, राती वयनीचो दिवो लागूक नाय."

मी उठून बसले. "तुम्ही गेलात?"

"नाय. कबूल केल्लंय मां." तो थांबला. "रातभर आंब्याखाली बसलंय. आता भरती आसा, पण एकट्याक जावक होणा नाय. फ्यूज गेलो असतलो, नाय? चार वर्सा झाली. जावक शकता. तू येतंस?"

"येते," मी म्हटलं. "फ्यूजच असेल. येते."

कपाटातल्या खोक्यातून मी तीन अँपिअरचे तीन फ्यूज घेतले, मीटर घेतला आणि गाडी काढली. पावलू होडीत बसूनच वाट बघत होता. त्याने माझ्या हातातले फ्यूज बघितले आणि मान हलवली. पाणी शांत होतं, धुकं होतं. 

धक्क्यावर उतरल्यावर त्याने हाक मारली. "वयनी गे!"

मग अंगणातून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. घराचं दार लोटलेलं होतं. पावलू दाराकडे गेला नाही. तो पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला.

"पयलो फ्यूज बग," तो म्हणाला.

मी पेटी उघडली. बॅटरीचा दाब मोजला. बारा पूर्णांक नऊ व्होल्ट. खोबणीचं झाकण काढलं. जांभळा फ्यूज दोन बोटांत धरून बाहेर ओढला. बाहेरून काही कळत नव्हतं, प्लास्टिक जुनं होऊन धुरकट झालं होतं. ओहम मोजले की कळतं: तुटलेल्या फ्यूजला आकडाच येत नाही, शाबूत असला तर शून्याजवळचा येतो. मी मीटर ओहमवर लावला, दोन टोकं फ्यूजच्या दोन पात्यांना टेकवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

"गेलो मां?" पावलूने विचारलं.

शून्य पूर्णांक एक ओहम.